बाबांनी दान्याचे पाय धुतले

आमच्या बाबांनी येशूला धरलं, असं गावात म्हणायचे. मला विचाराल तर येशूनंच त्यांना धरलं असावं, आणि पुढं जन्मभर 'कुठून ही ब्याद अंगाला लावून घेतली' म्हणून कपाळावर हात मारला असावा. कसं धरलं, कशापायी धरलं, भाऊबंदांनी त्यावरून काय तमाशा केला, ते सांगत बसले तर एवढ्यातच कागद संपायचा. मारेगावजवळच्या आमच्या खेड्यात सगळी कापूस-तुरीवाली घरं, आणि त्यात रविवारी बैल सोडून ठेवणारं आमचं एकच घर, एवढं कळलं तरी पुरे. बाबा मुळातले तापट. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी त्यांनी तंबाखू, शिव्या आणि राग अशा तिन्ही गोष्टी एकदम सोडल्या. तंबाखू पोळ्यापर्यंत सुटली, राग घरी येईपर्यंत सुटला. शिव्या मात्र खरोखर सुटल्या, पण त्यांची जागा रिकामी राहून कसं चालेल? धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बैल अडला की बाबा दातओठ खाऊन त्याच्या कानात म्हणत, "प्रभू तुझं भलं करो." बैलाला त्याचा अर्थ बरोबर कळायचा आणि तो मुकाट्यानं चालू लागायचा.

सकाळची प्रार्थना चुलीपुढंच व्हायची, कारण भाकरी थापता थापता माय देवाशी बोलायला तयार असायची, पण तव्यापासून उठायला तयार नसायची. बाहेर अंगणात खराट्याचा आवाज, वर छपरात चिमण्यांचा कालवा, आणि आत बाबांचा खर्जातला आवाज. बायकोशी तोंडावर भांडणं ख्रिस्ती माणसाला शोभत नाही असं पास्टरांनी सांगितल्यापासून आमच्या घरातली सगळी भांडणं देवामार्फत व्हायला लागली होती. बाबा डोळे मिटून म्हणत, प्रभू, या घरातल्या बाईच्या जिभेले लगाम दे. त्यांचं आमेन व्हायच्या आत माय भाकर उलटत सुरू करी, प्रभू, ज्या माणसानं काल पाहुण्यादेखत मले घालून पाडून बोललं त्याले क्षमा कर, त्याले अक्कल कमी हाय. मग बाबा पुन्हा प्रभू म्हणून सुरू. मी आणि माझा धाकटा भाऊ एक डोळा उघडा ठेवून भाकरीकडं बघत बसायचो. देवाचा निकाल लागेपर्यंत ती गार व्हायची. आज माझी सून मोबाइलवर प्रार्थना लावते. कुणीतरी परका माणूस गोड आवाजात सगळ्यांसाठी सगळं मागतो आणि घरातलं एकही भांडण मिटत नाही. मला आमची जुनी पद्धत बरी वाटते.

आमची मंडळी मारेगावच्या टोकाला एका टिनाच्या खोलीत जमायची. उन्हाळ्यात त्या टिनाखाली बसलं की नरकावर वेगळं प्रवचन द्यायची गरज नसायची. पास्टर नगराकडचे, सडपातळ, डोळे सदा पाणावलेले. भाषा एकदम शुद्ध, आणि आमच्याकडची माणसं काय बोलतात यातलं अर्धं त्यांना कळत नसे. येणाऱ्यांत काही शेतकरी घरं, एकदोन मास्तर, आणि आमच्या गावाशेजारच्या तांड्यातली सोनाबाई. सोनाबाई विधवा, ताठ मानेची. तिच्या आजा-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहत मुलूख पालथा घातला होता, ती मात्र तांड्यामागच्या आपल्या वावरात कापूस लावून होती. तिच्या एकुलत्या एक पोराचं नाव धनराज. पास्टरांनी त्याचा दानियेल केला आणि लोकांनी लगोलग दान्या केला. तो राजूरला कोळशाच्या ट्रकवर क्लिनर होता. मंडळीत सगळ्यांनी एकमेकांना बंधू आणि भगिनी म्हणायचं, असा पास्टरांचा नियम. सोनाबाई टिनाखाली बाबांना बंधू म्हणायची, आणि बाहेर येऊन पायात वहाणा घातल्या की पाटील. बाबांना त्यात काही वावगं वाटत नसे.

मी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन बसले होते. नाव रिबका, घरात बेबी. मला नर्स व्हायचं होतं. लांब एका मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकवायचे, पास्टरांची मेहुणी तिथं होती आणि जूनमध्ये जागा आहे असा तिचा निरोप आला होता. बाबांना विचारलं की म्हणत, प्रभूले विचारून सांगतो. माझा अनुभव असा, की पेरणी कधी करावी, तूर कधी विकावी, यावर प्रभू बाबांना ताबडतोब उत्तर द्यायचा. प्रश्न पोरीचा निघाला की त्याला फार वेळ लागायचा. दरम्यान आत्या वणीकडचं एक स्थळ सांगून गेली होती आणि बाबांनी तिला नाही म्हटलं नव्हतं. मृग लागायच्या आत या माणसाच्या तोंडून 'जा' एवढा एक शब्द निघावा, यापलीकडं देवाकडं माझं काही मागणं नव्हतं.

अशात पवित्र आठवडा आला आणि पास्टरांच्या डोक्यात कल्पना आली. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले होते, तर यंदा गुरुवारी आपणही एकमेकांचे धुवायचे. ज्याच्याविषयी मनात कडू आहे, त्याचेच धुवायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या. आता त्या भल्या माणसाला कोण सांगणार, की आमच्या मुलखात वडीलधारा माणूस खाली बसून तरण्या पोराचे पाय धुतो ते एकाच ठिकाणी, मांडवात. पोरीचा बाप नवरदेवाचे पाय परातीत घेतो, पोरीची माय तांब्यानं पाणी सोडते, कोऱ्या कपड्यानं पाय पुसायचे, तो कपडा जावयाला द्यायचा, झालं, पोरगी दिली. आमच्या मंडळीतल्या लग्नांत पास्टरांनी ही चाल बंद करून टाकली होती. पण डोक्यातली चाल अशी हुकुमानं जात नसते.

बाबांचं कडू दान्याशी होतं. सोनाबाईच्या बकऱ्या आमच्या तुरीत शिरल्या होत्या, आणि बाबांनी भर रस्त्यात दान्याला आपल्या जुन्या, अस्सल भाषेत झाडलं होतं. म्हणजे शिव्याही पुरत्या सुटल्या नव्हत्या, फक्त बैलापुरत्या सुटल्या होत्या. हे साऱ्या मंडळीला ठाऊक. त्यामुळं गुरुवारी संध्याकाळी पास्टरांनी हाक दिली तसे बाबा सगळ्यांच्या आधी उठले. एक सांगते, नम्रपणात आमच्या बाबांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. नम्र व्हायचं ठरलं की ते इतके नम्र व्हायचे की लोकांनी बघत राहावं, आणि लोक बघतात की नाही हे ते तिरप्या नजरेनं बघून घ्यायचे. पास्टरांनी आणलेलं घमेलं त्यांना हलकं वाटलं. त्यांनी घरून आमची पितळी परात आणवली होती, सोबत तांब्या. दान्या खाणीवरून थेट आलेला, टाचांच्या भेगांत कोळसा भरलेला. तो बिचारा पाय मागं ओढत होता आणि बाबा पुढं ओढत होते. पाणी सोडायला कुणीतरी पाहिजे म्हणून माय उभी राहिली. परातीतलं पाणी काळंभोर झालं. पुसायला काही नाही असं पाहून बाबांनी ईस्टरसाठी घेतलेला कोरा दुपट्टा खांद्यावरून काढला, पाय पुसले, आणि आता हा माखलाच आहे तर, म्हणून दान्याच्याच खांद्यावर टाकला. आणि मी कुठं होते? परातीच्या मागं, आयुष्यातलं पहिलं पातळ नेसून, तेही पिवळं, हातात दिवा घेऊन, कारण वीज गेली होती. पास्टर हुंदके देत होते. बाकी मंडळी चिडीचूप झाली होती. बाबांना वाटलं, लोक गहिवरले.

हल्ली आमच्या चर्चमध्येही दरवर्षी पाय धुतात. रंगीत टब असतात, कोमट पाणी असतं, वासाचा साबण असतो, आणि माणसं पाय घरूनच धुऊन येतात. माझे पाय गेली काही वर्षं एक दातांचा डॉक्टर धुतो. त्याचं माझं वर्षभरात कधी वाकडं झालेलं नसतं, त्यामुळं कुणाचं काही नुकसान होत नाही.

शनिवारी सकाळी माय अंगणात कुरडया वाळत घालत होती, मी कावळे हाकत होते, तेव्हा सोनाबाई आली. सोबत तांड्याचा नाईक, तिच्या जावा, आणि सगळ्यांच्या मागं, दुसऱ्याच्याच वरातीत सापडल्यासारखा, दान्या. खांद्यावर तोच दुपट्टा, धुऊन घडी केलेला. सोनाबाईच्या हातात परडी होती आणि परडीत गूळ. त्यांच्यात सोयरीक ठरली की दोन्हीकडच्यांनी गूळ खायचा. गूळ खाल्ला की शब्द पक्का, मग मागं फिरणं नाही. शेजारीच राहायचो, आम्हाला हे माहीत होतं. ओट्यावर बसता बसता सोनाबाईनं बाबांना व्याही म्हणून हाक मारली आणि गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला. म्हणाली, तुम्ही भर मंडळीत मोठेपणा दाखवला, आम्ही तर तोंडातून शब्द काढायची हिंमत केली नसती, आता मृगाच्या आधी लगन उरकून टाकू. बाबांचा हात तसाच पुढं राहिला.

आधी त्यांनी समजावून पाहिलं, की बाई, ते पाय येशूसाठी धुतले होते, लग्नासाठी नव्हे. सोनाबाई म्हणाली, येशूच्या घरात धुतले म्हणजे तर अजूनच पक्कं. मग नाईकानं मायला शांतपणे विचारलं, पाणी तुम्ही सोडलं ना? मायनं मान हलवली, ती खोटं कसं बोलणार. कोरा कपडा दिला ना? दिला. पोरगी पिवळं नेसून उभी होती ना? होती बाप्पा. मायच्या एकेका होकारासरशी माझं लग्न लागत चाललं होतं. बाबांना दरदरून घाम फुटला. घाम फुटला की त्यांना राग यायचा, आणि राग आला की आतलं खरं बाहेर पडायचं.

"आमच्यात तांड्यात पोरगी देत नाहीत," बाबा म्हणाले.

एक कावळा येऊन कुरडयांवर बसला आणि मी त्याला हाकललं नाही. सोनाबाईनं आवाज चढवला नाही. मघाचा व्याही मात्र तिच्या तोंडून गेला.

"मंग पाय कायले धुतले, पाटील?" ती म्हणाली. "आमच्या घरी प्रार्थना असली का त्या दिवशी तुमचा उपास असते. आमचा लोटा पुढं आला का तुमची तहान मरते. पास्टरले वाटते भक्ती. मले समजत नाही का?"

मी बाबांकडं पाहिलं. खरंच की, तांड्यातल्या प्रत्येक प्रार्थनेला बाबांचा उपास असायचा. मलाही आजवर ती भक्तीच वाटत आली होती.

ओशाळलेला माणूस वाईट, त्यातून तो देवभक्त असला तर फारच वाईट. बाबांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला, आणि मग त्यावर एक तेज आलं. ते तेज माझ्या चांगलं ओळखीचं होतं. त्यांच्या नम्रपणाला पुन्हा उबळ आली होती. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, सोनाबाई बोलली ते सोळा आणे खरं आहे, मी ढोंगी आहे, पापी आहे, आणि याचं प्रायश्चित्त म्हणून मी माझी पोरगी या घरात देतो. माय मटकन खाली बसली. बाबांनी गुळाचा खडा तोंडाकडं नेला. उन्हानं तो पाघळून त्यांच्या बोटांना चिकटला होता. पाप बाबांचं, पश्चात्ताप बाबांचा, वर शाबासकी मिळायची तीही बाबांना, आणि सारा भार मात्र माझ्या डोक्यावर. असला येशूचा शिष्य असण्यापेक्षा साधा बाप असता तर काय बिघडलं असतं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोवर या माणसापुढं मी मान वर करून बोलले नव्हते.

"पाय तुम्ही धुतले, बाबा," मी म्हटलं. "नांदाले बी तुम्हीच जा."

दान्याला हसू फुटलं आणि ते त्यानं दुपट्ट्यात कोंबलं. बाबांचा गुळाचा हात तोंडापाशी थांबला, दुसरा माझ्यावर उठला. पण तेवढ्यात सोनाबाई ओट्यावरून उठली आणि बाबांकडं पाठ करून माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या हनुवटीला बोट लावून तिनं माझा चेहरा वर केला.

"पोरी, खरं सांग," ती म्हणाली. "तुले माहा पोरगा नोको, का तांडा नोको?"

या प्रश्नाची मला आजही भीती वाटते. मला आत धुंडाळून बघावं लागलं. शेवटी मीही त्याच बापाची पोरगी, त्याचं काय काय माझ्यात उतरलं असेल कोण जाणे. मी म्हटलं, मले लगनच नोको, मले नर्स व्हायचं हाय, राजाचा पोट्टा आणला तरी नोको. बोलता बोलता मला रडू आलं आणि रडू आल्याचा भयंकर राग आला. सोनाबाईनं वळून बाबांच्या बोटांना चिकटलेला गूळ खरवडून काढला आणि परत आपल्या परडीत टाकला.

"पोरीचं 'नाही' मी घरी घेऊन जाते," ती बाबांना म्हणाली. "तुमचं 'नाही' तुमच्यापाशीच ठेवा."

सगळे आले तसे गेले. दान्यानं जाताना दुपट्टा ओट्याच्या कडेला ठेवला. सांगायला हरकत नाही, त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद माझ्यापेक्षा जास्त होता. आज तो आजोबा आहे, त्याचे स्वतःचे ट्रक आहेत, आणि रोज सकाळी मंडळीच्या ग्रुपवर गुलाबाची फुलं आणि पांढरं कबूतर पाठवतो. मी त्याला मधूनमधून विचारते, काय नवरदेव, पाय धुतले का? तो मला देवाची भीती घालतो.

ईस्टरच्या सकाळी टिनाखाली सोनाबाई नव्हती. पास्टर पुनरुत्थानावर बोलत होते, पण नजर पुन्हा पुन्हा दाराकडं जात होती. त्यांच्या कानावर आलं होतं, पण नेहमीसारखं अर्धंच. घरी पुरणाचा वास सुटला होता. बाबा पाटावर येऊन बसले, तर मायनं ताट वाढलंच नाही. देवाला मध्ये न घालता सरळ म्हणाली, आधी तिकडं जाऊन या, अन् पोरीले संगं न्या, तुम्ही डोकं फिरवलं तर कोणी शुद्धीवर पाहिजे. बाबा उठले. मी मागून निघाले. पांदणीच्या वाटेवर पाय भाजत होते, पळसाखाली थोडी सावली होती तिथं बाबा थांबले आणि माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, त्या नर्सिंगले किती वर्षं लागतात? मी सांगितलं. मग 'जा' म्हणाले. इतके दिवस ज्या शब्दासाठी मी जीव टांगून बसले होते तो असा धुळीत उभ्याउभ्या मिळाला. माझ्या तोंडून निघून गेलं, प्रभूले विचारलं का? बाबा म्हणाले, आज त्याच्याशी बोलायची सोय नाही. आणि चालू लागले.

सोनाबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. पास्टरांना ती नेहमी सांगायची की ही बैलांसाठी आहेत. बाबांना पाहून तिचा हात थांबला नाही. दान्या दारात सायकल उलटी करून बसला होता, त्यानंही फक्त मान वर केली. बाबांनी वाटेत मनाशी जुळवलेलं बोलायला सुरुवात केली, की मी प्रभूपुढं आणि तुमच्यापुढं दोषी आहे, सगळी माणसं एकाच पित्याची लेकरं आहेत. सोनाबाई फुलं पसरत म्हणाली, हे पास्टरचं झालं, आता तुमचं काय असेल ते बोला. मला वाटलं, आता भडकले. बाबांनी टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. तिथं बघायला मंडळी नव्हती, रडायला पास्टर नव्हते.

"खरं सांगू? मनातून पुरं गेलं नाही," ते म्हणाले. "जाईल का तेबी माहीत नाही. लाज वाटून राह्यली, म्हणून आलो."

सोनाबाईनं हात झटकले. "बसा मंग जेवाले," ती म्हणाली आणि आत गेली.

सणाचं म्हणून तिनं कोंबडं केलं होतं. दान्यानं बाबांच्या हातावर पाणी घातलं. आम्ही आत बसलो, ताटं पुढं आली. बाबांनी ज्वारीची भाकर मोडली, रश्शात बुडवली, आणि घास तोंडाजवळ नेताना त्यांचा हात अडला. ते मी पाहिलं, सोनाबाईनं पाहिलं, आणि तिनं पाहिलं हे बाबांनीही पाहिलं. मग त्यांनी तो घास खाल्ला. आणखी एक खाल्ला. भूक सपाटून लागली होती, ते भराभर जेवायला लागले. आणि मग जेवता जेवता त्यांची भुवई वर गेली आणि तोंडातून निघालंच.

"मीठ जास्त झालं," बाबा म्हणाले.

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. सोनाबाईनं टोपलीतली दुसरी भाकर काढली आणि त्यांच्या ताटात टाकली.

"आता कुठं जेवून राह्यले तुम्ही," ती म्हणाली.